लाटांचं पांघरूण

दोस्तांनो, एकशे अडुसष्टपर्यंत मोजता येतं का तुम्हांला?

हसू नका! पहिली-दुसरीतल्या पोरालाही ते येतं, हे मला ठाऊक आहे. मी आठवीत होतो तेव्हा मलाही चांगलं येत होतं. तरीसुद्धा त्या वर्षी जून महिन्यात ओळीनं अकरा वेळा माझी मोजणी चुकली. खरं सांगायचं तर चुकली नाही, मी मोजलंच नाही. न मोजता ‘बरोबर आहे’ म्हणून मोकळा झालो. पुढं त्याचं काय झालं, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

गोष्ट आहे १९९६ सालची. आम्ही तेव्हा सोलापुरात राहायचो. सोलापूर म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि चादर! आमच्या गल्लीच्या मागंच यंत्रमाग होते. सकाळी जाग यायची ती मागांच्या खटखटीनं आणि रात्री झोप लागायची तीही त्याच तालावर. चादरी आणि टॉवेल यांना आमच्या गावात तोटा नव्हता. अशा गावात माझ्या आजीनं एक दिवस जाहीर केलं, “मी हातानं पांघरूण विणणार!”

सगळे तिच्याकडं बघतच राहिले. शेजारच्या अक्का तर पोट धरून हसल्या. त्यांच्या घरचेच चार माग होते. म्हणाल्या, “काकू, सोलापुरात राहून हातानं पांघरूण? माझ्याकडनं न्या की एक चादर. संध्याकाळपर्यंत मागावरनं उतरवून देते!”

आजी म्हणाली, “चादर तुझ्याकडनंच नेईन. पण हे माझ्या लेकीच्या बाळासाठी आहे. ते माझ्या हातचं पाहिजे.”

माझी आत्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ऑगस्टमध्ये बाळ येणार होतं. दुपटी, टोपडी, झबली यांची तयारी आईनं केव्हाच सुरू केली होती. आजीला मात्र क्रोशाचं पांघरूण करायचं होतं, तेही रंगीत पट्ट्यांचं आणि लाटांच्या विणीचं.

क्रोशाची सुई तुम्ही पाहिली असेल. बोटभर लांब दांडी आणि टोकाला आकडी, बस्स! स्वेटरला दोन सुया लागतात, इथं एकीवर भागतं. दारावरचं तोरण, टीव्हीवर घातलेला जाळीदार रुमाल, मण्यांची झालर लावलेलं तांब्यावरचं झाकण, लग्नाच्या रुखवतात मांडलेल्या वस्तू... अशा पुष्कळ गोष्टी क्रोशानं होतात. ‘क्रोशे’ हा मूळ फ्रेंच शब्द, आणि त्याचा अर्थच मुळी छोटी आकडी! आजीला हे काम शाळेत असताना शिवण-विणकामाच्या बाईंनी शिकवलं होतं.

लोकर का नाही घेतली, असं तुम्ही विचाराल. सोलापूरचा उकाडा माहीत आहे ना? तिथं तान्ह्या बाळाला लोकरीत गुंडाळलं तर ते रडून घर डोक्यावर घेईल! सूत थंड असतं, टोचत नाही, घाम शोषून घेतं. शिवाय कापसाचा धागा ओला झाला की अधिक मजबूत होतो. बाळाचं पांघरूण म्हणजे रोजचं धुणं, तेव्हा सुतासारखं दुसरं काही नाही. फक्त एक आहे, लोकरीसारखं सूत ताणलं जात नाही. विणणाऱ्याचा हात घट्ट असेल तर बोटं दुखून येतात आणि सैल असेल तर वीण लोंबते.

आधी अक्कांनी टॉवेलच्या सुताचा एक कोन आणून दिला होता. पण ते सूत इतकं बारीक, की दहा-बारा पदर एकत्र धरावे लागायचे आणि सुईची आकडी नेमका एखादा पदर मागं सोडायची. शेवटी बाजारातून जाड, पीळदार सुताचे गोळे आणले. रंग सहा – पांढरा, पिवळा, नारिंगी, गुलाबी, पोपटी आणि निळा. आजीनं आधी प्रत्येक रंगाचा तुकडा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर पाण्यात ठेवला. सकाळी फडकं पांढरंच राहिलेलं मला तीन-तीनदा बघायला लावलं, तेव्हा कुठं तिची खात्री पटली.

मला का बघायला लावलं? कारण आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्या काळी ‘अजून पिकला नाही, पिकला की काढू’ असं सांगून परत पाठवायचे. (आता तसं थांबत बसावं लागत नाही.) तिला सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसायचं. तरी तिची बोटं मोठी हुशार होती. प्रत्येक खांब तिला चाचपून कळायचा. कळायच्या नाहीत त्या फक्त दोनच गोष्टी, रंग आणि ओळीतला शेवटचा खांब.

म्हणून तिनं मला कामाला ठेवलं. ओळ संपत आली की शेवटचा खांब दाखवायचा, ओळीतले सगळे खांब मोजायचे आणि दोन ओळी झाल्या की पुढच्या रंगाचा गोळा हातात द्यायचा. पगार ओळीमागं आठ आणे! सगळ्या मिळून ७२ ओळी व्हायच्या होत्या. म्हणजे ३६ रुपये. मला नवा क्रिकेटचा चेंडू घ्यायचा होता, त्यामुळं मी लगेच हो म्हटलं.

आता ही लाटांची वीण कशी असते, ते सांगतो. तिच्यातलं गणित मोठं गमतीचं आहे.

क्रोशात सगळ्यात आधी साखळी विणतात. साखळीवर खांब उभे करायचे. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्यायचा, सुई खालच्या घरात घालायची, दोरा ओढून आणायचा. सुईवर तीन वेढे होतात. मग दोरा घेऊन दोनांतून काढायचा, परत घेऊन उरलेल्या दोनांतून काढायचा. झाला एक खांब! नुसते खांबाला खांब लावत गेलात तर सरळ पट्टी तयार होते. पण एकाच घरात दोन खांब घातले तर तिथं वीण फुगून वर उचलली जाते. आणि दोन खांब अर्धे-अर्धे ठेवून शेवटी एकत्र बांधले, म्हणजे दोनांचा एक केला, तर तिथं वीण खाली दबते. एक जागा वर, एक जागा खाली. झाली लाट!

आजीची लाट चौदा खांबांची होती. ती विणताना पुटपुटायची, “चार... दोनांचा एक, दोनांचा एक... चार... एकात दोन, एकात दोन...” मागच्या यंत्रमागांची खटखट आणि हिचं पुटपुटणं, दोन्ही एका तालात चालायचं. करून बघा हिशोब. दरीत दोन खांब कमी झाले, शिखरावर दोन वाढले. चौदा ते चौदाच राहिले! अशा बारा लाटा. बारा चोक अठ्ठेचाळीस... नाही, बारा गुणिले चौदा, म्हणजे १६८. ओळ पहिली असो की बहात्तरावी, खांब १६८च भरले पाहिजेत.

घोळ होतो तो कडेला. नवी ओळ सुरू करताना उंची गाठायला तीन साखळ्या घालतात. त्या तीन साखळ्याच त्या ओळीचा पहिला खांब. पण तो खांबासारखा दिसत नाही! बारीक, जरा वाकलेला, कडेला मुडपून बसलेला असतो. परतीच्या ओळीत तोच शेवटचा खांब होतो आणि चांगले डोळे असलेल्या माणसाच्याही नजरेतून सुटतो. एकदा सुटला की ओळीतले खांब घटायला लागतात. आजीला नेमका तोच सापडत नसे. ती हात थांबवून विचारायची, “शेवटचा कुठाय रे बाळा?” मी तिचं बोट धरून तिथं टेकवायचो. मग मोजायचो. “एकशे अडुसष्ट!” म्हटलं की ती पुढच्या ओळीला लागायची.

पहिल्या तीस ओळी मी अगदी इमानेइतबारे मोजल्या. एकतिसाव्या ओळीच्या वेळी घात झाला. काय झालं असेल, ओळखा पाहू!

जून १९९६. लॉर्ड्सवर भारत आणि इंग्लंड यांची कसोटी चालू होती. आमच्याकडं नुकतीच केबल आली होती. आपल्या वेळेनुसार सामना दुपारनंतर सुरू व्हायचा, म्हणजे मी शाळेतून येईपर्यंत चांगला रंगात आलेला असायचा. सौरव गांगुली नावाचा नवा फलंदाज पहिल्याच कसोटीत शतक ठोकत होता. राहुल द्रविड नावाचा दुसरा नवा फलंदाज ९५ वर बाद झाला, तेव्हा मी स्वतः बाद झाल्यासारखा हळहळलो. आणि अशा वेळी शेजारी आजी विचारत होती, “शेवटचा कुठाय रे?”

“तो काय, तिथंच! झालं, पुढं कर,” मी टीव्हीवरची नजर न हलवता म्हणालो.

“किती भरले?”

“एकशे अडुसष्ट. बरोबर आहे.”

आजीनं आठ आणे दिले. मी ते खिशात टाकले. एकदा केलं आणि काहीच बिघडलं नाही म्हटल्यावर दुसऱ्यांदा करायला काय लागतं? सामना संपेपर्यंत अकरा ओळी झाल्या. साडेपाच रुपये जमले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीनं पांघरूण मांडीवर पसरलं आणि वितीनं मोजायला लागली. खालची कड चार विती भरली. वरची कड मोजली. परत मोजली. मग वरची कड दुमडून खालच्या कडेवर आणून ठेवली आणि दोन्ही टोकांवरनं सावकाश बोटं फिरवली. मी अभ्यासाचं पुस्तक तोंडासमोर धरून बसलो होतो. एक अक्षर वाचत नव्हतो.

“चार बोटं कमी आहे,” ती म्हणाली. “मोज बरं.”

मी मोजलं. १५१ भरले. परत मोजलं. १५१च! सतरा खांब कुठल्या कुठं गेले होते. दोन्ही बाजूंच्या कडा आत आत येत गेल्या होत्या आणि कडेच्या लाटा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. डोळे असूनही मला ते दिसलं नव्हतं, कारण मी बघितलंच नव्हतं.

“कधीपासून?” आजीनं विचारलं.

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. “मॅच सुरू झाली तेव्हापासून,” मी म्हणालो.

मला वाटलं, आता ती रागावणार, आईला सांगणार. पण ती काहीच बोलली नाही. ते न बोलणंच मला जड गेलं. मग मीच घाईघाईनं म्हणालो, “आजी, कडेनं एक किनार विणली की झाकलं जाईल. आणि बाळाला काय कळतंय?”

“बाळाला नाही कळायचं,” आजी म्हणाली. “पण मी तुझ्या डोळ्यांनी बघत होते की रे.”

दोस्तांनो, आज इतकी वर्षं झाली, तरी तिचं ते वाक्य आठवलं की माझी मान खाली जाते. तिला दिसत नव्हतं, म्हणून तिनं माझ्यावर भरवसा ठेवला होता. जो बघू शकतो त्याला फसवणं वेगळं आणि ज्याला दिसत नाही त्याला फसवणं वेगळं. मी डब्यातून साडेपाच रुपये काढून तिच्यासमोर ठेवले. आजीनं ते नको-नको म्हटलं नाही. शांतपणे मोजून घेतले आणि बटव्यात टाकले.

मग म्हणाली, “चल, उसव.”

उसवायचं! अकरा ओळी! एकेका ओळीला तिला पाऊण तास लागायचा. मला रडूच कोसळलं. पण क्रोशात उसवणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. स्वेटरच्या विणीत सुईवर शंभर-दीडशे टाके एका वेळी मोकळे असतात, सुई निसटली की ते गळायला लागतात. क्रोशात मोकळा असतो तो एकच फास. सुई काढायची आणि दोरा ओढायचा. सुर्रर्र... करत खांबामागून खांब सुटत जातात आणि पाहिजे तिथं थांबता येतं. मी ओढत होतो, आजी गोळा गुंडाळत होती. चार-पाच दिवसांचं काम पाऊण तासात उसवून झालं.

सुटलेला दोरा सगळा नागमोडी झाला होता. आजीनं तो खुर्चीच्या पाठीला गुंडाळायला लावला, ओल्या हातानं पाणी मारलं आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी दोरा पुन्हा सरळ! एक वीतभरही वाया गेला नव्हता. गेला होता तो फक्त वेळ. आणि तो मात्र आजीचा होता, माझा नव्हे.

“मला शिकव,” मी म्हणालो. “थोडं मी विणतो.”

पहिले दोन दिवस माझी साखळी इतकी घट्ट यायची, की सुईच आत शिरायची नाही. आजी म्हणायची, “दोऱ्याचा गळा आवळायलास काय रे? सैल सोड!” सैल सोडला की फास ढगळ व्हायचा. चौथ्या दिवशी कुठं खांब खांबासारखे दिसायला लागले. तेव्हा तिनं मला पस्तिसावी आणि छत्तिसावी ओळ दिली, निळ्या रंगाची.

त्या दिवशी मी खिडकीत बसून विणत होतो आणि गल्लीतले दोन मित्र बोलवायला आले. झालं! “काय बे, बायकांची कामं करायलास व्हय?” म्हणत ते हसत सुटले. मी पांघरूण पटकन पाठीमागं लपवलं. कान गरम झाले. तेवढ्यात दारातून अक्कांचा आवाज आला, “आणि माग कोण चालवतंय रे? तुझा बाप काय करतोय दिवसभर? चादर विणली तर बाप्याचं काम आणि पांघरूण विणलं तर बायकांचं?” त्या मित्राचे वडील मागावरच कामाला होते. तो गप्प झाला. थोड्या वेळानं हळूच जवळ येऊन म्हणाला, “बघू, कसं करतात?”

मधल्या काळात मी एक उद्योग केला. शिखर केलं की दरी केलीच पाहिजे, असं आजी सारखी बजावायची. मला वाटलं, दरी केलीच नाही तर? खांब नुसते वाढवतच गेलो तर? उरलेल्या दोऱ्याचा एक छोटा गोल घेतला आणि प्रत्येक घरात दोन-दोन खांब घालत सुटलो. चार फेऱ्यांतच त्या गोलाला चुण्या पडल्या, तो सपाट बसेना. पाचव्या फेरीला तो चक्क कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दिसायला लागला! आजीनं चाचपून बघितलं आणि हसली. “अरे, नुसतंच वाढवत गेलास तर मावणार कुठं ते?”

मी तो तुरा कुठंतरी टाकून दिला. पण गंमत ऐका. बरोबर पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, मूळच्या लाटव्हियाच्या दायना तायमिन्या या गणितज्ञ बाईंनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अशाच चुण्यांच्या क्रोशानं गणित शिकवायला सुरुवात केली! भूमितीत आपण शिकतो, की रेषेबाहेरच्या एका बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते. पण अशीही एक भूमिती आहे, जिच्यात एकाच बिंदूतून कितीतरी अशा रेषा जातात, ज्या मूळ रेषेला कधीच भेटत नाहीत. असा पृष्ठभाग कागदावर दाखवणं फार अवघड. तायमिन्याबाईंनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवत तो क्रोशानं विणला आणि मुलांच्या हातात दिला. हे मी मोठेपणी वाचलं, तेव्हा माझा तो टाकून दिलेला तुरा आठवून चांगलाच चुटपुटलो.

मोठेपणी आणखीही काही वाचलं. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडून भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या कितीतरी बायकांनी क्रोशाची लेस विणून घर चालवलं. आपल्याकडं आंध्र प्रदेशातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी ही कला आणली आणि तिथल्या घराघरांत ती रुजली. आमच्या सोलापुरी चादरीसारखंच नरसापूरच्या क्रोशा लेसलाही आता भौगोलिक मानांकन आहे, २०२४ मध्ये मिळालेलं. आणि एक सांगू? चादरीला माग आहे, स्वेटरला यंत्र आहे. पण क्रोशाचं यंत्र काही कारखान्यांत रुळलेलं नाही. खऱ्या क्रोशाची वस्तू दिसली, की ती कुणीतरी बसून, मोजत मोजत, हातानं विणलेली आहे असं खुशाल समजा. म्हणून ती स्वस्तात पाडून मागू नका.

तर आमचं पांघरूण. उरलेल्या ओळी आजी विणत गेली, मी मोजत गेलो. आता टीव्ही बंद करून मोजायचो. एका ओळीला माझी मोजणी दोनदा वेगवेगळी आली, तर तिसऱ्यांदा मोजली. उसवलेल्या अकरा ओळी पुन्हा झाल्या, तेव्हा आजीनं त्यांचे साडेपाच रुपये माझ्या हातावर ठेवले. मी म्हटलं, “नको.” ती म्हणाली, “का नको? आता मोजलेस की!”

बहात्तरावी ओळ ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुरी झाली. एकूण १२,०९६ खांब! त्याच महिन्यात आत्याला मुलगी झाली. बारशाला पाळण्यात ते पांघरूण घातलं होतं. आल्यागेल्या बायका हात लावून बघायच्या आणि विचारायच्या, “कुठनं आणलंत हो?” उत्तर द्यायला अक्काच पुढं! “आमच्या काकूंनी विणलंय. आणि या पोरानं.”

दिवाळीनंतर आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. घरी आल्या आल्या तिनं बाळाला मागितलं. बाळ पांघरुणात गुंडाळलेलं होतं. आजीनं आधी बाळाचं तोंड बघितलं, खूप वेळ बघितलं. मग पांघरूण उलगडून उजेडात धरलं आणि एकदम म्हणाली, “अगबाई, हा निळा आहे होय? मला तर बाई मातकट दिसायचा!”

तिला तो तसाच दिसला असणार. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा उजेड आत पोचत नाही. म्हणजे सहा महिने आजी एक रंग न बघता, केवळ मी सांगितलं म्हणून ‘निळा’ धरून चालली होती. रंगाच्या बाबतीत तरी मी तिच्याशी खोटं बोललो नव्हतो, याचं मला त्या वेळी केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग तिचं बोट एका निळ्या पट्ट्यावर थांबलं. तिथं खांब जरा बुटके आणि घट्ट होते, लाट किंचित आखडलेली होती. “हा तू,” ती म्हणाली आणि हसली. “दोऱ्याचा गळा आवळणारा!”

आजी आता नाही. ती मुलगी, माझी आतेबहीण, पुण्यात असते. गेल्या वर्षी तिलाही मुलगी झाली. पांघरूण परत कपाटातून बाहेर निघालं, तर त्यात एका ठिकाणी दोरा तुटलेला. क्रोशाचा दोरा तुटला की लगेच बांधावा लागतो, नाहीतर भोक वाढत जातं. तिनं ते माझ्याकडं पाठवलं. पिवळा रंग विटलाय, पांढरा मळकट झालाय. पण सूत अजून शाबूत आहे. मी तुटलेली जागा विणून काढली. मग त्या ओळीतले खांब मोजले. १६८. आणि कुणी विचारलं नव्हतं, तरी एकतीस ते एक्केचाळीस या अकरा ओळीही मोजल्या. सगळ्या १६८.

आता तुमच्यासाठी एक काम. सुताचा एक गोळा आणि क्रोशाची एक सुई, एवढंच आणा. शिकवायला घरात किंवा शेजारी एखादी आजी, काकू, मावशी सापडेलच. आधी ३० साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घालून ओळ पुरी करा. सुरुवातीच्या सुटलेल्या तीन साखळ्या धरून २८ खांब होतील. दुसऱ्या ओळीपासून लाटा सुरू. पहिल्या घरात दोन, मग चार, दोनांचा एक, दोनांचा एक, चार, एकात दोन, एकात दोन, चार, दोनांचा एक, दोनांचा एक, चार, आणि शेवटच्या घरात दोन. दर दोन ओळींनी रंग बदला. छानसा रुमाल होईल.

आणि हो, ओळ संपली की तो कडेला मुडपून बसलेला शेवटचा खांब शोधा. अठ्ठावीस भरले का, ते मोजा. टीव्ही बंद करून!